एम्टी घेऊन रत्नागिरीला

दुबईच्या एका गिऱ्हाईकाने आंब्याच्या रसाच्या ऑर्डरसोबत एक एक्सेल शीट पाठवली आणि माझी मे महिन्यातली रजा तिच्यापायी गेली. हे गिऱ्हाईक पुढे युरोपातल्या दुकानांना माल पुरवतं आणि तिकडची मंडळी हल्ली खोक्यामागे किती कार्बन निघाला ते विचारतात. शीटमध्ये दोन रकाने होते. एक ‘बंदर ते बंदर’, दुसरा ‘कारखाना ते बंदर’. पहिल्याचा आकडा शिपिंग कंपनीने एका मेलवर दिला. दुसरा कोणाकडेच नव्हता. ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, “भाडं विचारा, भाडं सांगतो. कार्बनबिर्बन तुम्हीच टाका काहीतरी.”

काहीतरी टाकता आलंही असतं. वाहतुकीचा कार्बन कसा मोजायचा याचं आयएसओ १४०८३ हे मानक २०२३ साली आलं. नेमकी माहिती नसेल तर सरासरी आकडा लावायची सोय त्यात आहे. पण मी बारा वर्षं नवी मुंबईत माल पाठवण्याच्याच ऑफिसात काम करतो आणि माझं गाव देवगड तालुक्यात. ज्या रस्त्याने गणपतीला घरी जातो त्याच रस्त्याने आमचा डबा, म्हणजे कंटेनर, येतो, आणि त्याला डिझेल किती लागतं ते मला सांगता येऊ नये? ठरवलं, डब्यासोबतच जायचं.

दिवस पहिला, उरण

आमच्या धंद्यात रिकाम्या कंटेनरला ‘एम्टी’ म्हणतात. रत्नागिरीच्या कारखान्यात माल भरायचा तर आधी उरणच्या यार्डातून एम्टी उचलायची, रत्नागिरीला न्यायची, भरायची आणि परत उरणला आणून बंदरात सोडायची. घागर घेऊन नदीवर जावं तसं. फरक इतकाच की इथे नदी ३३० किलोमीटरवर आहे आणि घागरीचं वजन सव्वादोन टन.

उरणचं हे न्हावा-शेवा बंदर सुरू झालं २६ मे १९८९ रोजी. २०२४-२५ या वर्षात इथून ७० लाखांहून जास्त टीईयू हलले. टीईयू म्हणजे एक वीस फुटी डबा. बंदराकडे येताना जासई लागतं. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या भावासाठी इथे आणि दास्तानच्या बाजूला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. बंदर ‘ग्रीन’ करायच्या गप्पा वातानुकूलित सभागृहात ऐकताना मला हे गाव आठवतं. असो.

यार्डात एम्टी निवडणं हे खरं कौशल्याचं काम. खाण्याचा माल भरायचा असेल तर डबा ‘फूड ग्रेड’ हवा. यार्डातल्या सुपरवायझर काकांनी मला एका डब्यात नेलं आणि बाहेरच्या पोराला सांगितलं, “दार लाव रे.” दार धाडकन लागलं. मिट्ट काळोख. बाहेर चाळीसच्या आसपास तापमान, आत भट्टी. काका म्हणाले, “आता वर बघा.” बघता बघता छताच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढा एक चांदणीसारखा ठिपका दिसला.

“दिसली? एवढी चांदणी पुरते. एक पाऊस पडला की वरची दोन थर खोकी भिजली.”

तो डबा बाद. दुसरा उजेडाच्या परीक्षेत पास झाला, पण लाकडाला उग्र वास होता. आधी कुठलं तरी केमिकल गेलं असणार. तिसरा पसंत पडला. काकांनी खाली बसून जमिनीवर हात फिरवला. कंटेनरची जमीन लाकडी असते हे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं. २८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड, एकावर एक एकोणीसएक थर, तोही साधा नाही. पूर्वीपासून तो आग्नेय आशियातल्या जंगलातल्या कठीण लाकडाचा करतात, कारण त्यावरून फोर्कलिफ्ट फिरते. पोलादाच्या डब्यातलं जंगल ते हेच. आता चिनी कारखाने बांबूच्या जमिनी घालू लागलेत. आमच्या सिंधुदुर्गात बांधाबांधावर माणगा बांबू आहे, भरीव आणि सरळसोट, आणि कुडाळला २००४ पासून बांबूचं केंद्र आहे. त्यातून खुर्च्या, टेबलं, रिसॉर्ट झाली. डब्याच्या जमिनीचा विचार कोणी का केला नाही, हा प्रश्न मी डोक्यात ठेवून दिला आणि तो अजून तिथेच आहे.

संध्याकाळी उरणच्या किनाऱ्यावर चहा घेताना काकांनी २०१० ची गोष्ट काढली. ७ ऑगस्टला बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’वर बाराशेच्या आसपास डबे होते, ती कलंडली तसे शेकड्याने पाण्यात गेले. तेल खारफुटीत शिरलं, बंदर काही दिवस बंद. काका म्हणाले, “बिस्किटांची खोकी वाहत आली होती. पोरं खूश. मासळी मात्र कोणी घेईना.”

दिवस दुसरा, उरण ते हातखंबा

पहाटे चारला ट्रेलर निघाला. ड्रायव्हरमामा बीडकडचे, वीस वर्षं स्टिअरिंगवर. केबिनमध्ये तुळजाभवानीचा फोटो, त्याखाली ओळीने तीन मोबाईल. मी वही काढली तसे म्हणाले, “आरटीओचे का तुम्ही?” वहीचं कारण सांगितल्यावर त्यांनीच हिशोब उलगडला, तोही एखाद्या कन्सल्टंटपेक्षा सोपा.

“एम्टी घेऊन चाललो की लिटरला पावणेपाच देते. लोडेड आली की तीन, सव्वातीन. घाटात अडीच. आणि पळवली तर काहीच देत नाही, नुसतं पिते.”

हे शेवटचं वाक्य सगळ्या जहाज कंपन्यांना उमगायला २००८ ची मंदी आणि तेलाचे भाव लागले. जहाज पाण्यातून ढकलायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या आसपास वाढते. वेग दहा टक्के कमी केला तर ताकद पाव हिश्शाहून जास्त उतरते. प्रवासाला वेळ जास्त लागतो, तो धरूनही इंधनात जवळजवळ एकोणीस टक्के वाचतात. नवं इंजिन नको, नवं इंधन नको, फक्त घाई नको. जगातली सागरी वाहतूक एकूण हरितगृह वायूंपैकी तीन टक्क्यांच्या आसपास सोडते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये २०५० च्या सुमारास हे नक्त शून्यावर आणायचं ठरवलं. मिथेनॉलची जहाजं, अमोनियाची जहाजं, सगळं चाललंय. मामांना सांगितलं तर हसले. “हळू चालवा म्हणावं आधी.”

वडखळ, नागोठणे. मुंबई-गोवा हायवेबद्दल मी काही लिहीत नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही पाहिला त्यांचा विश्वास बसणार नाही.

कोलाडला मामांना चहा हवा होता आणि मला रो-रो बघायची होती. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ ला कोलाड ते वेर्णा अशी ही सेवा सुरू केली. ट्रक तसाच्या तसा उघड्या वाघिणीवर चढवायचा, ड्रायव्हर-क्लीनर आपल्याच केबिनमध्ये, आणि गाडी गोव्याकडे. चढणीचं डिझेल वाचतं, टायर वाचतात, घाटातली धाकधूक वाचते. २०२२ पासून हा मार्ग पूर्ण विजेवर आहे. मी गेलो तेव्हा एक रेक, म्हणजे वाघिणींची अख्खी गाडी, भरत होता. एक ट्रक वाघिणींच्या रांगेवरून संथपणे पुढे जात होता, एका वाघिणीवरून दुसऱ्या वाघिणीवर, खाली एक माणूस हातवारे करत उलटा चालत होता. पुढच्या ट्रकवर क्लीनरने स्टोव्ह पेटवून कांदा चिरायला घेतला होता.

“आपण का नाही चढत?” मी विचारलं.

“उंची,” मामा म्हणाले. ट्रेलरवर ठेवलेला डबा चार मीटरच्या वर जातो. वर पुन्हा वाघिणीची उंची आणि डोक्यावर विजेची तार. बोगद्यांच्या रेल्वेत हे माप बसत नाही. डबा नुसता, ट्रेलरशिवाय, वाघिणीवर ठेवला तर बसतो, पण मग रत्नागिरीच्या बाजूला तो उतरवायची सोय हवी आणि रेक भरेल इतका माल हवा. आमचा माल म्हणजे हंगामात आठवड्याला दोन-तीन डबे. त्यासाठी कोण गाडी सोडतो?

कशेडीचा बोगदा झाल्यापासून पोलादपूर-खेड सुसह्य झालंय. खेडच्या पुढे लोटे-परशुराम एमआयडीसी लागते, केमिकलच्या कारखान्यांची. आणि इथे मला तो प्रकार दिसला ज्यासाठी खरं तर हा प्रवासच करायला हवा होता.

लोट्याच्या फाट्यावरून एक ट्रेलर हायवेला लागला, उरणच्या दिशेने. त्यावर आमच्यासारखाच वीस फुटी डबा. मामांनी दिवे मारले, समोरच्यानेही मारले. ओळखीचा निघाला. मामा म्हणाले, “त्याची पण एम्टी. कच्चा माल उतरवला, आता परत यार्डात.”

मी वळून बघत राहिलो. आमची एम्टी दक्षिणेला, त्याची उत्तरेला. एकाच हायवेवर, एकाच वेळी, दोन्ही रिकाम्या. त्याची एम्टी लोट्याहून परस्पर रत्नागिरीला आली असती तर आमची उरणहून निघालीच नसती आणि त्यालाही रिकामं माघारी जावं लागलं नसतं. जगभरात डब्यांच्या हालचालींपैकी ढोबळमानाने पाचातली एक रिकाम्या डब्याची असते हे मी कित्येकदा वाचलंय. आशियातून अमेरिकेला माल जातो, परत यायला माल नसतो, हे ठीक. पण लोटे ते रत्नागिरी?

अडचणी मला ठाऊक आहेत, रोज त्याच निस्तरतो. डबा कारखान्याचा नसतो, शिपिंग लाइनचा असतो. त्याची लाइन वेगळी, आमची वेगळी. एक असली तरी डबा आधी यार्डात येऊन तपासला गेला पाहिजे, हा नियम. केमिकलच्या डब्यात रस कोण भरणार, ही रास्त शंका. भाडं कोणाकडून, डिटेन्शन, म्हणजे डबा उशिरा परत केल्याचा दंड, कोणावर, हा वाद. आणि सगळ्यात मोठी अडचण ही की लोट्याच्या माणसाला आमच्या डब्याची खबर नाही आणि आम्हाला त्याच्या. मोठ्या शहरांजवळ काही लाइन अशी अदलाबदल करू देतात. कोकणात कोणी विचारत नाही, कारण कोकणात डबे कमी. आणि डबे कमी म्हणूनच प्रत्येक डब्यामागचा रिकामा फेरा लांब.

हातखंब्याला रात्री धाब्यावर झोपलो. वहीत लिहिलं: एम्टी, ३३० किलोमीटर, ७० लिटर.

दिवस तिसरा, रत्नागिरी

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कारखान्याच्या आवारात शिरण्याआधीच वास आला. हापूसचा, थोडा शिजलेला, थोडा आंबलेला, सगळ्या अंगाला चिकटणारा. आत बायका खुर्च्या टाकून देठ काढत बसलेल्या, पलीकडे रसाचे पत्र्याचे डबे वाफेच्या टाकीतून निघत होते. ३.१ किलोचा एक डबा, सहा डब्यांचं एक खोकं. हमालांनी साडेनऊशेच्या वर खोकी चार तासांत थप्पीला लावली, मध्ये चहाला फक्त एकदा थांबले. माल भरला १८ टन. शेवटी भिंतींना ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगल्या, दार लावलं, सील ठोकलं. मामा जेवून लगेच परतीला लागले. जाताना त्यांनी मला परतीचं डिझेल फोनवर कळवायचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी रात्री मेसेज आला: “१०३ ली. घाटात ट्रॅफिक.”

मालक सुशिक्षित, तरुण. त्यांना कार्बनचा रकाना दाखवला तर वैतागले. “आमचा बागायतदार थ्रिप्सने मेलाय, हवामानाने मोहोर दोनदा गळला, आणि कार्बनचा हिशोब आम्हीच द्यायचा?” मला उत्तर सुचलं नाही. रास्त वैताग होता.

संध्याकाळी मिरकरवाड्याला गेलो. मासेमारी बंदीला आठवडाच होता. १ जूनपासून दोन महिने होड्या किनाऱ्याला. रस्त्याकडेला एक रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर, उभा होता, गोठवलेल्या मासळीचा. त्याच्या पोटाखालचा जनरेटर घरघरत होता. ड्रायव्हर म्हणाला गाडी उभी असली तरी हे चालूच, तासाला दोन-तीन लिटर. गोठवलेला माल उणे १८ अंशांवर ठेवायचा ही पद्धत जुनी आहे. २०२३ च्या डिसेंबरात काही कंपन्या आणि संशोधक एकत्र आले आणि म्हणाले की उणे १५ पुरे, वीज पाच-सात टक्क्यांनी वाचेल. तीन अंश. ड्रायव्हरला सांगितलं. तो म्हणाला, “मशीनवर आकडा पार्टी लावते. मी हात लावला तर क्लेम माझ्यावर.”

दिवस चौथा, गाव

पावस, आडिवरे, जैतापूर करत सागरी मार्गाने घरी. विजयदुर्ग ओलांडून न जाता आमच्या वाडीला उतरलो तेव्हा घराचं छप्पर अर्धं उघडं होतं. पावसाआधीची शाकारणी. दोन गडी वर, आजोबा खाली खाटल्यावर बसून सूचना देत होते. वय ८८, पण एकही कौल त्यांच्या नजरेतून निसटत नाही.

उतरवलेल्या कौलांच्या ढिगातून मी एक उचललं. मागे शेवाळ, उलटं केलं तर ठसा स्वच्छ: बासेल मिशन, मंगळूर, १८६५. हे कारखान्याच्या स्थापनेचं साल, आमचं घर तितकं जुनं नाही. लहानपणापासून त्या कौलांखाली झोपलो, ती आली कशी हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

“पडावान,” आजोबा म्हणाले. पडाव म्हणजे मालाचं शिडाचं गलबत. “मंगळूरसून विजयदुर्ग बंदरात. थयसून होडयेन खाडयेत, मगे डोक्यार. वारो गावलो तर चार-पाच दिस, नाय गावलो तर पंधरा. कोणाक घाई होती?”

“आणि परत जाताना पडाव रिकामो?”

ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी शहरात राहून बिघडलो याची खात्री पटली असावी.

“रिकामो पडाव कोण हाकतलो? रिकामो दर्यात उलाटता. नीरम घालूक लागता पोटात, धोंडे. धोंडे भरून नेण्यापरास मीठ नेलेला काय वायट? सुकी मासळी, आमसुलां, काय गावात ता. दोन दिस बंदरात थांबाक लागला तरी चलात, पण भरल्याशिवाय सुटाचा नाय.”

नीरम. इंग्रजीतलं बॅलास्ट आम्ही रोज वापरतो, हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. पडावाला रिकामं जाणं परवडत नव्हतं, कारण ते धोक्याचं होतं. ट्रेलर रिकामा उलटत नाही, उलट हलका चालतो, म्हणून त्याचं रिकामं जाणं कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. भाड्यात जाता-येताचं धरलेलं असतं, बिल एकच असतं.

मला गलबतांच्या आठवणी काढून गळा काढायचा नाही. पडाव पावसात नारळी पौर्णिमेपर्यंत बंद असायचे आणि रसाचा हंगाम ऐन पावसाच्या तोंडावर संपतो. छोट्या बार्जने जयगडहून न्हावा-शेव्याला डबे नेता येतील का, हा हिशोब मी ऑफिसात दोनदा करून पाहिलाय. डबा दोन बंदरांत चढवा-उतरवायचा खर्च येतो आणि पावसात फेरी सुटेल याची खात्री नाही. २०२५ मध्ये किनारी वाहतुकीचा नवा कायदा आला, परवाने सोपे झाले. पण माल आठवड्याला तीन डबे असेल तर कायदा काय करणार? रत्नागिरीचे रसवाले, मासळीवाले, लोट्याचे केमिकलवाले एकत्र मोजले तर कदाचित. एकत्र मोजलं मात्र पाहिजे कोणीतरी.

रात्री गॅलरीत बसून बेरीज केली. जाताना ७० लिटर, येताना १०३, एकूण १७३. लिटरमागे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. झाले ४६४ किलो. आता समुद्र. न्हावा-शेवा ते दुबईचं बंदर जेबेल अली साधारण २,२०० किलोमीटर. लाइनने दिलेला आकडा टनाला किलोमीटरमागे १२ ग्रॅम. १८ टनांचे ४७५ किलो.

पुन्हा केली. तेच आलं. रत्नागिरीहून उरणला डबा आणायला जेवढा धूर, जवळजवळ तेवढ्यातच तो अरबी समुद्र ओलांडतो. आणि हा ३३० किलोमीटरचा रस्ता सगळा समुद्राला समांतर.

दिवस पाचवा आणि नंतर

कणकवलीहून रात्रीची कोकणकन्या, पहाटे पनवेल. वाटेत कुठल्याशा स्टेशनात क्रॉसिंगला थांबलो तेव्हा शेजारच्या रुळावर रो-रोचा रेक उभा होता. एका केबिनमधून पाय बाहेर आलेले, माणूस गाढ झोपलेला.

डबा कट-ऑफच्या, म्हणजे बंदरात माल घ्यायच्या शेवटच्या मुदतीच्या, आधी आत शिरला होता. मी कागद द्यायला गेलो तर बंदराच्या आत एक निळसर ट्रक आवाज न करता बाजूने गेला, दचकलोच. २०२५ च्या सप्टेंबरात इथे बॅटरी बदलता येणारे ५० अवजड विजेचे ट्रक आले. चार्जिंगला तासन्‌तास उभं राहायचं नाही, बॅटरी काढायची, भरलेली बसवायची. बंदर ते जवळच्या यार्डापर्यंत उत्तम. कशेडी चढायला त्यांना वेळ आहे.

शीट भरली. ‘कारखाना ते बंदर’ या रकान्यात अंतर ६६० किलोमीटर, उत्सर्जन ४६४ किलो. मानकात रिकामा फेरा धरायचाच असं स्पष्ट आहे, म्हणून धरला. शेऱ्यात लिहिलं, पैकी ३३० किलोमीटर डबा रिकामा. मालकांनाही प्रत पाठवली, आणि लोट्याच्या एका ओळखीच्या सीएचएला, म्हणजे कस्टमची कामं करणाऱ्या एजंटला, फोन करून विचारलं की तुमच्याकडे वीस फुटी, कोरड्या, वास नसलेल्या एम्टी महिन्याला किती निघतात. तो म्हणाला, “कशाला पाहिजेत तुला?” मी म्हटलं, भेटून सांगतो.

तिसऱ्या दिवशी दुबईहून मेल आला. अतिशय सभ्य. कारखाना ते बंदर हे अंतर नकाशावर ३३० किलोमीटर दिसतं, तुमच्या शीटमध्ये ते चुकून दुप्पट टाइप झालं आहे, कृपया दुरुस्त करून पाठवा.